तिसरं नाव

वसुधाने ‘नाम’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि कागद टेबलावरून ज्ञानदाकडे सरकवला.

“आडनावापुढे हे काय लिहिलंयस?”

“त्याचं आडनाव, ताई. नाम.” ज्ञानदाने शेजारी बसलेल्या जिन-होकडे बघत हसू दाबलं. “नाम जिन-हो. त्यांच्यात आडनाव आधी येतं.”

वसुधाने गोल खोडून टाकला. दुसऱ्याची चूक दाखवायला ती कचरत नसे आणि स्वतःची पुसायलाही वेळ लावत नसे. आयर्लंडमध्ये, कॉर्क शहराजवळच्या रिंगास्किडीतल्या एका औषध कारखान्यात ती अकरा वर्षं कागद तपासत होती. कुठल्या टाकीत काय घातलं, किती घातलं, कुणी घातलं, याच्या नोंदी. शनिवार-रविवारी ती लग्नं लावायची, वास्तुशांती करायची, बारशी करायची. पौरोहित्याचा वर्ग तिने पुण्यातच केला होता. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं लोक फोनवर जरा घुटमळायचे, गुरुजी म्हणून बाई येणार का, असं आडून विचारायचे. आता कॉर्कमधली मराठी घरं आधी तिची तारीख मिळवत आणि मग हॉल शोधत.

ज्ञानदाचं लग्न शनिवारी होतं. नोंदणीचं लग्न जूनमध्येच होऊन गेलं होतं. हे घरच्यांसाठी, कॅरिगालाइनमधल्या क्लबच्या हॉलमध्ये. तिचे आईवडील नागपूरहून आले होते, जिन-होची आई कोरियाहून कालच पोचली होती.

“गोत्र कोरं आहे,” वसुधा म्हणाली.

“काश्यप लिहा ना. माहीत नसेल तर काश्यप, असं बाबा म्हणाले.”

“माहीत नसेल तर. त्याला विचारलंस का?” वसुधा इंग्रजीत जिन-होकडे वळली. गोत्र म्हणजे काय, ते तिने तीन वाक्यांत सांगितलं.

जिन-हो थोडा विचार करून म्हणाला, “आमच्याकडे सगळे नाम एक नसतात. आमचं मूळ गाव यंगयांग. आडनाव एक आणि मूळ गावही एक असेल, तर लग्न होत नसे. माझ्या लहानपणापर्यंत कायद्यानेच बंदी होती.”

“म्हणजे सगोत्र!” वसुधाचा चेहरा उजळला. तिने रकान्यात स्वच्छ अक्षरात ‘यंगयांग’ लिहिलं. “हे बघ, विचारल्याशिवाय कळत नाही. आता वडिलांचं नाव.”

ओट्यावरची केटल खट्कन बंद झाली.

“तिथे आईचं लिहा,” जिन-हो म्हणाला. “नाम हे माझ्या आईचं आडनाव आहे.”

“लग्नाआधीचं?”

“लग्नाआधीचं, नंतरचं, सगळं तेच. कोरियात बायका आडनाव बदलत नाहीत. चीनमध्येही नाही. माझी आजी साठ वर्षं सासरी राहिली आणि किम म्हणूनच गेली.”

“मला हे पहिल्यांदा ऐकून इतकं भारी वाटलं होतं,” ज्ञानदा म्हणाली.

“तितकं भारी नाहीये ते.” जिन-हो हसला, पण डोळे कागदावरच होते. “ती बाहेरची असते, म्हणून तिचं आडनाव तसंच ठेवतात. मुलं मात्र बापाची. घरात सगळे वडिलांच्या आडनावाने हान, आणि स्वयंपाकघरात एकटी नाम. चौदा वर्षांचा होईपर्यंत मीही हान होतो.”

मग त्याने थोडक्यात सांगितलं. तो नऊ वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले, त्यांनी दुसरा संसार मांडला. मुलाला आईचं आडनाव देण्याची सोय तेव्हा कायद्यात नव्हती. दोन हजार आठच्या जानेवारीत ती झाली आणि त्याच महिन्यात आईने कोर्टात अर्ज केला. मार्चमध्ये शाळा सुरू झाली, तेव्हा हजेरीत त्याचं नाव बदललेलं होतं.

वसुधाने पेन्सिल खाली ठेवली. कन्यादान ती करत नसे. मुलगी ही दान द्यायची वस्तू नव्हे, हे ती मुलीच्या बापाला आधीच सांगून टाकी. पण दोन्ही घरांच्या तीन पिढ्यांचा उच्चार तिने कधी गाळला नव्हता. पणजोबा, आजोबा, वडील. मुलीच्या बापाने तिच्यामागून म्हणायचं, तीनदा.

“माझी काही हरकत नाही,” ती म्हणाली. “पण तुझ्या बाबांना हे ठाऊक आहे का, ज्ञानदा?”

“घटस्फोटाचं ठाऊक आहे. पण नागपुरात त्यांनी सगळ्यांना सांगितलंय की, मुलाचे वडील नसतात.”

“नसतात?”

“हो. मग सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि बाबांनी ती करू दिली. आता मोठे काका व्हिडिओवर लग्न बघणार आहेत.”

जिन-होला ‘नसतात’चा अर्थ विचारायचा होता. ज्ञानदाने तो नंतर सांगते म्हणून खूण केली.

गुरुवारी दुपारी वसुधा कारखान्यातून लवकर घरी आली तर दारात उन-जू उभी होती. जिन-होची आई. साठीची, ठेंगणी, केस कानापर्यंत कापलेले, हातात कापडात बांधलेलं एक गाठोडं. कॉर्कहून ती एकटी बसने आली होती. स्टॉप चुकला म्हणून दोन किलोमीटर मागे चालत आल्याचं तिने आत येताना सांगितलं, जणू ती तिच्या कामातलीच एक पायरी होती. तीस वर्षं तिने शाळांमधली स्वयंपाकघरं सांभाळली होती, रोज नऊशे मुलांचं जेवण ठरवलं होतं. तिचं इंग्रजी तुटक होतं, पण ती अडखळत नसे. शब्द सापडेपर्यंत शांत थांबायची आणि मग तो नेमका ठेवायची.

चहा झाला. उन-जूने गाठोडं सोडलं. आत सुकवलेल्या पर्सिमन फळांचा डबा होता, त्याच्याखाली एका पातळ फोल्डरमध्ये एका जुन्या छापील पानाची प्रत. वरून खाली लिहिलेल्या चिनी अक्षरांच्या ओळी, आडव्या रेघांनी केलेले मजले.

“आमच्या घराण्याचं पुस्तक,” ती म्हणाली. “एकोणीसशे शहाण्णवला छापलं. हे माझे आजोबा, नाम सांग-दोक. हे वडील, नाम ग्वांग-सू. त्यांच्याखाली हा माझा थोरला भाऊ. हा धाकटा.” तिचं बोट एक घर पुढे सरकलं आणि थांबलं. “ही मी.”

वसुधा वाकून बघू लागली. “हे तुमचं नाव?”

“नाही. हे हान सांग-चोल. जावई. माझा नवरा.” उन-जूचं बोट तिथेच होतं. “जुन्या पुस्तकात मुलीच्या जागी जावयाचं नाव लिहितात. पण ही मी.”

वसुधाने ते घर पुन्हा पाहिलं. तिला एकही अक्षर वाचता येत नव्हतं. शेजारच्या घरांसारखंच ते दिसत होतं. तिच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली, मग तिने ती कपात न ओतताच खाली ठेवली.

उन-जूने फोल्डरमधून दुसरा कागद काढला. तिच्या हस्ताक्षरातली तीन नावं, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, म्हणायला सोपी जावीत म्हणून तुकडे पाडलेली. तिन्ही हान.

“शनिवारी ही वाचा. जिन-होचे वडील, आजोबा, पणजोबा.”

“जिन-होने मला तुमची नावं घ्यायला सांगितलंय.”

“मला माहीत आहे. तो माझ्यासाठी तसं म्हणतो.” तिने कागद वसुधाकडे सरकवला. “कोर्टात गेले तेव्हा मला राग होता. खूप राग. मी धावत गेले. जानेवारीत बर्फ होता, तरी गेले. त्याची आजी मला फोनवर म्हणाली, तू आमचा मुलगा कापून नेलास. मी म्हणाले, हो, नेला.” तिने पर्सिमनच्या डब्याचं झाकण नीट बसवलं. “आता वाटतं, तो राग माझा होता, आणि अंगावर घालून फिरला मुलगा. शाळेत पोरं विचारायची, तुझं नाव का बदललं? त्याने मला कधी सांगितलं नाही. मला त्याच्या शिक्षिकेने सांगितलं. लग्न एकदा होतं. त्या दिवशी मी ते परत देते. शिवाय मुलीच्या घरचे बघतील. मुलाला बाप नाही, असं त्यांना वाटायला नको.”

वसुधाला अशा प्रसंगी लगेच बोलायची सवय होती. लोक तिच्याकडे येत ते त्यासाठीच. काय चालतं, काय चालत नाही, हे ती ठामपणे सांगे आणि लोक सुटल्यासारखे घरी जात. ती दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून बघत राहिली.

“एक सांगते,” ती शेवटी म्हणाली. “हा कागद मी घेते. पण तुमच्या मुलाला न दाखवता मी एकही नाव घेणार नाही. उभा तो राहणार आहे.”

उन-जूने मान डोलावली. हे तिला पटलेलं दिसलं किंवा तिने ते आधीच गृहीत धरलं होतं.

“मग त्याला सांगा,” ती म्हणाली, “की आईची तशी इच्छा आहे.”

वसुधाने तिला गाडीतून कॉर्कला सोडलं. वाटेत दोघी फारसं बोलल्या नाहीत. एका चौकात थांबल्या असताना उन-जूने विचारलं की, नऊशे नाही, पण शनिवारी जेवायला किती माणसं आहेत? वसुधाने एकशे वीस सांगितल्यावर तिने समाधानाने खिडकीबाहेर पाहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी हॉल सजवायला ज्ञानदाचे वडील चंद्रहास हजर होते. वीज मंडळातून निवृत्त झालेले गृहस्थ. दिव्यांच्या माळा कुठल्या प्लगवर किती लावायच्या, यावर हॉलची देखभाल करणाऱ्या नोरीनशी त्यांची अर्धा तास चर्चा चालली होती. नोरीन दर वाक्याला “ग्रँड” म्हणे आणि चंद्रहास तो होकार समजत. होमासाठी धुराची घंटा वीस मिनिटं बंद ठेवायची आणि मागची दारं उघडी ठेवायची, एवढं मात्र पक्कं झालं होतं.

वसुधाने त्यांना बाजूला घेतलं.

“चंद्रहासजी, उद्या नावं तुम्ही म्हणणार. मुलाच्या बाजूने कुणाची नावं येतील, ते मला अजून ठाऊक नाही. तुम्हाला काही अडचण?”

चंद्रहासांनी हातातली माळ गुंडाळायला घेतली.

“मी दादाला खोटं सांगितलेलं नाही,” ते म्हणाले. “नसतात म्हणालो. घरी नसतात.”

“ते मी विचारत नाहीये.”

“हो, कळलं.” माळेची गाठ सुटत नव्हती. “ताई, हा मुलगा पहिल्यांदा नागपूरला आला, तर आमच्या माधवीने त्याच्या पानात कारल्याची भाजी वाढली. सगळी खाल्ली. म्हटलं, आवडली का? तर म्हणे, आई म्हणते, ताटात आलेलं सोडायचं नाही. पाच दिवसांत वीसदा आई म्हणते, आई म्हणते. बापाचा शब्द एकदाही नाही. मी इंजिनियर माणूस आहे. लाइन कुठून येते, ते मला कळतं.” त्यांनी माळ तशीच नोरीनच्या टेबलावर ठेवली. “तुम्ही म्हणाल ते मी म्हणेन. फक्त सावकाश म्हणा. माझी जीभ नागपुरी आहे.”

शनिवारी सकाळी अकरा वाजता वसुधा क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत शिरली. भिंतीवर खुंट्यांची रांग, बाकांखाली वाळलेला चिखल, आणि मधोमध रेशमी कुर्ता घालून, फेटा मांडीवर घेऊन बसलेला जिन-हो. तिने आईचा कागद त्याच्या हातात दिला. गुरुवारी झालेलं बोलणं, शब्द न बदलता, जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. बर्फ, आजीचा फोन, शाळेतली पोरं. “परत देते” हे तिने दोनदा सांगितलं, कारण उन-जूने ते जसं म्हटलं होतं तसं तिला जमत नव्हतं.

जिन-होने कागद वाचला. बराच वेळ त्याचा अंगठा पहिल्या नावावर होता.

“तिने अक्षरांचे तुकडे पाडलेत,” तो म्हणाला. “तुम्हाला म्हणता यावं म्हणून.”

“हो.”

“हे लिहायला तिला किती वेळ लागला असेल.” त्याने कागदाची घडी घातली आणि कुर्त्याच्या खिशात ठेवली. “तिला काय वाटतं, मला कुणी विचारलं नव्हतं?”

“म्हणजे?”

“काही नाही. मुहूर्त किती वाजता आहे?”

“बारा अठरा. त्याआधी नावं. मी थांबेन आणि तुला विचारेन. तू सांगशील ती नावं घेईन. जी सांगशील ती, तुला शब्द देते.”

त्याने मान हलवली आणि फेटा डोक्यावर ठेवून तो नीट बसलाय का, हे तिलाच विचारलं. नव्हता. तिने तो बसवला.

हॉल भरला होता. मराठी घरं, ज्ञानदाच्या ऑफिसमधले लोक, जिन-होचे तीन-चार कोरियन मित्र. पुढच्या रांगेत मधोमध, फिक्या निळ्या हानबोक या कोरियन पोशाखात, उन-जू ताठ बसली होती. शेजारी ज्ञानदाची आई माधवीबाई पैठणीत. एका उंच स्टँडवर फोन होता आणि फोनमध्ये नागपूर. काका, काकू, आणि मागे येणारे-जाणारे बरेच जण.

वसुधाने आधी मुलीच्या बाजूच्या तीन पिढ्या म्हणवून घेतल्या. चंद्रहासांनी आपल्या आजोबांचं नाव घेताना आवाज चढवला, तेव्हा फोनमधून कुणीतरी ‘वा’ म्हणालं. मग ती थांबली. हॉलमध्ये एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिने इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “वराने आता आपल्या तीन पिढ्या सांगायच्या आहेत.”

असा रिवाज कुठल्याच पोथीत नव्हता. ती इतक्या सहज म्हणाली की कुणालाही शंका आली नाही.

उन-जू किंचित पुढे झुकली. तिने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले होते.

जिन-हो उभा राहिला. त्याने खिशात हात घातला नाही. आईकडे तोंड करून तो आधी कोरियनमध्ये बोलला, तीन-चार वाक्यं. उन-जूचे हात सुटले. मग तेच त्याने सगळ्यांसाठी इंग्रजीत सांगितलं.

“मी चौदा वर्षांचा होतो तेव्हा न्यायाधीशांनी आईला बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, तुला कुठलं आडनाव हवंय? मी सांगितलं. आईला वाटतं, ते तिने ठरवलं. ते मी ठरवलं होतं.” त्याने वसुधाकडे वळून एकेक नाव स्वच्छ उच्चारलं. “नाम सांग-दोक. नाम ग्वांग-सू. नाम उन-जू.”

वसुधाने डोळे मिटून घेतले, म्हणायला सुरुवात करण्यापूर्वी ती नेहमी मिटायची तसे. पहिली दोन नावं ‘नाम्नः’ अशी गेली. तिसऱ्याला तिची जीभ आपोआप स्त्रीलिंगाकडे वळली.

“नाम-उन-जू-नाम्न्याः पुत्राय.”

संस्कृत येणाऱ्यालाच कळावा एवढाच तो फरक होता, आणि त्या हॉलमध्ये तसे फार जण नव्हते. पण चंद्रहास तिच्या ओठांकडे लक्ष ठेवून होते. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि ठणठणीत आवाजात म्हटलं:

“नाम अंजू-नाम्न्याः पुत्राय!”

“अंजू?” फोनमधून काका म्हणाले. “चंद्या, अंजू कोण?”

“मुलाची आई, दादा. जरा ऐक.”

मागच्या रांगांमध्ये हसू पसरू लागलं. वसुधा दुसरा उच्चार सुरू करणार, तेवढ्यात पुढच्या रांगेत रेशमाची सळसळ झाली. उन-जू उभी राहिली होती. तिचे डोळे ओले होते, पण आवाज नऊशे मुलांच्या जेवणघरात शेवटच्या टेबलापर्यंत पोचणारा होता.

“अंजू नाही,” ती म्हणाली. “उन. जू.”

चंद्रहासांनी अपराध्यासारखी मान खाली घातली आणि पुटपुटून पाहिलं. “उं... उन्जू.”

“उन,” उन-जू म्हणाली आणि थांबली. “जू.”

वसुधाने घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून नऊ मिनिटं. तिने समईची वात हलकेच पुढे सारली आणि पाटावर नीट बसून घेतलं. “वेळ आहे,” ती चंद्रहासांना म्हणाली. “सावकाश.”

दुसऱ्या वेळी पहिला भाग बरोबर आला, दुसरा घाईत गेला. उन-जू बसली नाही. माधवीबाईंनी खालून तिच्या हाताला हात लावला, तर तिने तो हात धरला, पण बसली नाही.

तिसऱ्या वेळी चंद्रहासांनी डोळे मिटले. सांग-दोक आलं, ग्वांग-सू आलं. मग ते थांबले, श्वास घेतला आणि दोन्ही अक्षरं वेगवेगळी ठेवली. उन-जूचे ओठ त्यांच्याबरोबर हलले.

“आता बरोबर,” ती म्हणाली, आणि खाली बसली.